एकोणीस भोकांची भिंत

११ सप्टेंबर

दादा,

नमस्कार-चमत्कार सगळे पोचले असं समज, कारण मला आधी बातमी सांगायची आहे. यंदाच्या मेळ्याची मुख्य मी आहे! हो, मीच. रस्सीखेचीच्या दोराला तू जिला लहानपणी हातसुद्धा लावू द्यायचा नाहीस, ती तुझी चिमी. वखारवाल्यांनी सव्वीस वर्षं ती खुर्ची सोडली नव्हती. परवाच्या बैठकीत हेडमास्तरांनी माझं नाव सुचवलं, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा वखारवाल्यांच्या बायकोनेच माझ्यासाठी हात वर केला. वखारवाल्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. तू असायला हवा होतास.

मेळ्याला यंदा पन्नास वर्षं होतात. बारा आणि तेरा ऑक्टोबर, हे तुला काय सांगायचं. कुणी जन्मो, कुणी मरो, आपल्या मेळ्याची तारीख हलत नाही. वरच्या माळावर नेहमीसारखी दुकानं, मेंढ्यांचं प्रदर्शन, सगळ्यात मोठ्या भोपळ्याला बक्षीस. खालच्या मैदानात लाकूड फोडण्याची स्पर्धा आणि रस्सीखेच. बघणारे पायऱ्यांवर, तुझ्या भिंतीला पाठ लावून. पिंगी यंदा शाळेच्या गाण्यात आहे. सत्तावीस मुलं सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहणार. आजी मुख्य झाल्यापासून ही बया घरात कुणाचं ऐकेनाशी झाली आहे.

आता मुद्द्याचं. समितीने एकमताने ठरवलंय की पहिल्या दिवशी तुझा सत्कार करायचा. माळ तोलून धरणारी ती भिंत बावीस वर्षांपूर्वी तू बांधलीस म्हणून आपल्याला मैदान मिळालं, नाहीतर मेळा गल्लीतच भरत राहिला असता. तुझ्या नावाचा दगड आहेच तिच्यात. शिवाय शाळेची मुलं भिंतभर पन्नास वर्षांची चित्रं काढणार आहेत. तेव्हा लेकीकडून चार दिवस सुटी घे आणि ये. शिलाईच्या कामाखाली मी मेले आहे, तीनशे पताका शिवायच्या आहेत, पण तुझी खोली झाडून ठेवते.

तुझी चिमी


१७ सप्टेंबर

चिमे,

पत्र मिळालं. आनंद झाला. वखारवाल्यांशी जपून वाग. माणूस वाईट नाही, पण त्यांना घाई फार.

माझं येणं जमणार नाही. गुडघा पुन्हा सुजला आहे, डॉक्टरने जिने चढायला मनाई केली आहे, आणि तुमचं गाव म्हणजे नुसता जिनाच. सत्काराचं काही मनावर घेऊ नका. गवंड्याने भिंत बांधली त्यात काय मोठं. शिंप्याने सदरा शिवला म्हणून त्याचा सत्कार करतं का कुणी?

भिंतीला पाणी निघायची एकोणीस भोकं आहेत. दरवर्षी मेळ्याआधी मी त्यांतून लोखंडी सळई फिरवायचो, ते तुला सांगून आलो होतो. यंदा फिरवलीस का? फिरवली नसलीस तर उद्याच फिरव. चित्रं काढायची तर काढू दे, पण भोकांना हात लावायचा नाही. हे विसरू नकोस.

पिंगीला पापा. जावई बरे आहेत, लेक माझ्यावर ओरडते.

दादा


२५ सप्टेंबर

दादा,

गुडघा! गेल्या महिन्यात लेकीने लिहिलं होतं की बाबा रोज बाजारापर्यंत चालत जातात आणि भाजीवाल्याशी भांडून परत येतात. भांडायला गुडघा चालतो, बहिणीच्या मानाच्या दिवशी यायला नाही. वखारवाले खुर्चीवर असताना चार वर्षांपूर्वीपर्यंत एकही मेळा चुकवला नाहीस. मी बसले तर तुला जिने आठवले. राग आला आहे मला, लपवून काय करू.

आणि अख्ख्या पत्रात तुला काळजी कसली, तर भोकांची! गावात अजून तुझी नक्कल करतात, माहीत आहे? मेळ्याच्या आदल्या आठवड्यात सळई घेऊन एकेका भोकात डोळा लावून बघणारा दादा. पोरं म्हणायची, भिंतीचा कान कोरतोय.

तर ऐक, आणि चिडू नकोस. भोकं मी बुजवली. दरेकाखाली तो गंजकट पिवळा ओघळ, जसं काही भिंतीला सर्दी झाली आहे. त्यावर मुलांनी चित्रं कशी काढायची? शाळेच्या शिपायाने एका दुपारी सिमेंट भरून एकोणीसच्या एकोणीस सपाट करून दिली. आता भिंत बघशील तर ओळखणार नाहीस. पहिल्या मेळ्याची बैलगाडी, भोपळा, रस्सीखेच, आणि मधोमध हातात थापी घेतलेला तू. नाक जरा मोठं झालं आहे, पण ते पिंगीने काढलंय, तिला काही बोलायचं नाही.

इकडे नको तेव्हा पाऊस लागला आहे. सहा दिवस झाले, थांबायचं नाव नाही. माळ भिजून मऊ झाला आहे, चाललं की पाऊल आत जातं. झेंड्याचा खांब रोवला होता तो कलला, परत रोवला, परत कलला. मेळ्यापर्यंत उघडेल म्हणतात.

सत्काराला तू नसलास तर मी काय सांगू लोकांना?

चिमी


३० सप्टेंबर

चिमे,

पत्र आत्ता मिळालं, उभ्या उभ्या उत्तर लिहितो आहे. हे वाचून खाली ठेवायच्या आधी शिपायाला बोलव आणि छिन्नी-हातोड्याने भोकं फोडायला लाव. सगळी. एकही ठेवायचं नाही. चित्रं गेली तर गेली.

माळावर पडलेलं पाणी भिंतीमागे उतरतं. त्याला बाहेर यायला वाट नसली तर ते भिंतीला ढकलतं. पाण्याच्या जोरापुढे दगडाचं काही चालत नाही. खांब कलतो आहे म्हणजे आत पाणी साठलं आहे.

दुसरं काम. माझा ओळंबा तुझ्याकडे आहे. भिंतीच्या वरच्या कडेवरून तो खाली सोड. मी ती भिंत डोंगराकडे कललेली बांधली आहे, म्हणून ओळंब्याची दोरी दगडांना टेकतच खाली गेली पाहिजे. दोरी कुठेही मोकळी लोंबली तर भिंत पुढे सरकली असं समज. किती, ते बोटांनी मोज आणि मला कळव.

भोकं उघडून ओळंबा नीट लागेपर्यंत पायऱ्यांवर कुणाला बसू देऊ नकोस. पिंगीला तर मुळीच नाही.

तुला ओरडायचा माझा हेतू नाही. तू कपडा शिवणारी, तुला काय माहीत. पण हे आजच कर.

दादा


५ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. घाटात दरड कोसळली आहे, बस बंद, टपाल पायी येतं. हे तुला कधी मिळेल देव जाणे.

आधी ओळंबा सोडला. तो मी कापड कापताना वजन म्हणून वापरत होते, तुला सांगितलं नव्हतं. बाजूच्या पंधरा पायऱ्या चढून माळावर गेले, भिंतीच्या कडेवर पालथी पडले, दोरी सोडली. मैदानातून पिंगी ओरडली, "आजी, हलतोय तो!" खाली येऊन बघितलं. तुझ्या नावाच्या दगडापाशी दोरी भिंतीपासून चार बोटं मोकळी होती. चार बोटं, दादा. मी तीनदा मोजली.

मग शिपायाला हाक मारली. वखारवाले आणि समितीतले दोघं बघायला आले. वखारवाले म्हणाले, "मेळ्याला आठवडा राहिला आणि मुख्य बाई भिंत फोडायला निघाल्या. भाऊ तिकडे बसून सूत्रं हलवतो वाटतं?" मी म्हटलं, हसा, पण बाजूला उभे राहून हसा. पहिलं भोक फुटलं आणि पिचकारीसारखं पाणी आलं. शिपायाची टोपी उडाली. तेव्हा हसणं थांबलं. एकोणीस भोकं फोडली, तुझं चित्रातलं नाक त्यातच गेलं. मुलं रडली. संध्याकाळपर्यंत पाणी वाहत होतं, आणि मी जरा श्वास सोडला.

आज सकाळी जाऊन बघितलं तर पाणी नव्हतं. चिखल येत होता. दाट, तांबूस, पीठ भिजवावं तसा. शाळेची पाण्याची टाकी बांधताना तूच मला दाखवलं होतंस, की भिंतीमागे हातभर रुंद खडी भरायची असते, म्हणजे पाणी गाळून स्वच्छ बाहेर पडतं. खडीतून चिखल कसा येईल?

तेव्हापासून मला तुझी सळई आठवते आहे. इतर कुठल्या भिंतीला तू कधी दरवर्षी सळई फिरवलीस? पोस्टाच्या मागची भिंत तूच बांधलीस, तिच्याकडे वळूनही बघितलं नाहीस. आणि सत्कार म्हटल्यावर तुझा गुडघा का सुजला?

तू काही लपवतो आहेस का? मी रागाने विचारत नाही, मला भीती वाटते आहे म्हणून विचारते. मागे नुसती माती असेल तर भोकं उघडून उपयोग नाही, भिंत आज ना उद्या कोसळायचीच, एवढं मलाही कळतं. समितीला मी आज सांगितलं की मेळा शाळेच्या आवारात न्या. वखारवाले म्हणाले, पाणी निघून गेलं, भिंत उभी आहे, आता कसली भीती? बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुकानदारांनी माळावर खांब रोवले आहेत. एकट्या शिंपिणीच्या शब्दावर पन्नासावा मेळा कोण हलवेल?

मी तारही करू शकले असते. पण तार पोस्टमास्तर वाचतो, आणि पोस्टमास्तराने वाचलं म्हणजे गावाने वाचलं. तुझं नाव मला चव्हाट्यावर आणायचं नाही. म्हणून असं कर. मागे खडी असेल तर मला तार कर, "गुडघा बरा". माती असेल तर "गुडघा दुखतो". कुणाला काही कळणार नाही. पुढचं मी बघेन. मैदानात लोळण घेईन, दोरावर आडवी पडेन, काहीतरी करेन.

बाराला सात दिवस आहेत.

चिमी


तार
१० ऑक्टोबर

मेळा समिती

भिंतीमागे खडी नाही. माती आहे. मीच भरली. भिंत पडणार. लोकांना हलवा.

गवंडी


१० ऑक्टोबर

चिमे,

तार करून आत्ताच आलो. तारबाबूने मजकूर वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, असाच पाठवा, एक शब्द बदलू नका.

तू सुचवलेली युक्ती चांगली होती. पण "गुडघा दुखतो" वाचून फक्त तू हलली असतीस. दुकानदार हलले नसते.

आता ऐक. हे मी तुझ्या वहिनीलाही सांगितलं नव्हतं, ती गेली तेव्हाही नाही. त्या वर्षी भिंत छातीएवढी झाली होती आणि मेळ्याला नऊ दिवस होते. खडीच्या गाड्या खाली घाटात अडकल्या. तारीख हलत नाही हे तुला माहीतच आहे. मी म्हटलं, खोदलेली माती पडलीच आहे, तात्पुरती तीच भरू, मेळा झाला की उकरून खडी घालू. देवाशपथ, मनात तेच होतं. मग मेळा झाला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, मैदानभर नाचले. बाप जिवंत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी. त्याच संध्याकाळी माझ्या नावाचा दगड बसवला. खांद्यावरून उतरून मी कसा म्हणणार होतो की उद्या ही भिंत उकरायची आहे?

पुढच्या वर्षी म्हटलं, सांगू. त्याच्या पुढच्या वर्षीही. सळई फिरवत राहिलो. भोकं उघडी आहेत तोवर काही होत नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. दर मेळ्यात मी पायऱ्यांवर न बसता समोर उभा राहायचो, तुला आठवतं? तू म्हणायचीस, दादाला मान हवा असतो, सगळ्यांनी बघावं म्हणून उभा राहतो. मी भिंतीकडे बघत असायचो.

मागच्या पत्रातही मी तुला अर्धंच सांगितलं. सगळा दोष भोकांवर टाकला, म्हणजे तुझ्यावर. त्याची लाज सगळ्यात जास्त वाटते. भोकं तू बुजवलीस, पण ती भिंत भोकांच्या भरवशावर ठेवली मी.

घाट बंद नसता तर तारेच्या आधी मी पोचलो असतो. आता फक्त बारा तारखेची वाट बघायची. लेकीला सांगितलं, ती चहा ठेवून आत गेली.

काय झालं ते लिही. वाईट असलं तरी लिही.

दादा


१६ ऑक्टोबर

दादा,

कुणाला काही झालेलं नाही. हे आधी वाच, मग बस, मग पुढचं वाच.

तुझी तार दहाला दुपारी आली. पोस्टमास्तर ती हातात धरून धावत आला, चपला पोस्टातच राहिल्या. समितीची बैठक चालू होती. नाव समितीचं होतं म्हणून त्याने मोठ्याने वाचली. "मीच भरली" हे त्याने दोनदा वाचलं, तुझ्याबरोबर पत्ते खेळलेला माणूस तो. मी वखारवाल्यांकडे बघत होते, म्हटलं आता हे सुरू होतील.

ते उठले. म्हणाले, "तो म्हणाला होता मला, की खडी नाही. मी म्हणालो, काहीही भर, तारखेला भिंत उभी पाहिजे." एवढं बोलून ते बाहेर गेले. आम्ही बघतो तर माळावर जाऊन पहिल्या दुकानाचा खांब उपटताहेत. सत्तरीचा माणूस, सदऱ्याच्या बाह्या वर करून. मग सगळं गाव लागलं. तू तुझ्या पत्रात त्यांचं नाव घेतलं नाहीस. ते पत्र मला काल मिळालं.

मेळा शाळेच्या आवारात भरला. तारीख हलली नाही, जागा हलली. दाटीवाटी झाली, मेंढ्या वर्गात शिरल्या, भोपळ्याचं बक्षीस देताना भोपळाच फुटला. पायऱ्यांच्या तोंडाशी मी दोर बांधून तीनशे पताका तिथेच लावल्या, म्हणजे कुणी चुकून आत जाणार नाही. पहिला दिवस भिंत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक कुजबुजायला लागले, की उगाच घाबरवलं. खरं सांगू? मलाही वाटायला लागलं होतं, की ती पडली नाही तर मी कुठे तोंड दाखवू. असं वाटल्याची आता शरम वाटते.

तेराला चार वाजून दहा मिनिटांनी ती गेली. रस्सीखेच चालू होती. आवाज झाला, जमीन हलली, दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकदम दोर सोडला आणि सगळे पाठीवर पडले. पळत जाऊन बघितलं तर पायऱ्या नव्हत्या. एकही दिसत नव्हती. मैदानाच्या मध्यापर्यंत दगड आणि चिखल, आणि वर माळाला मोठा घास तोडल्यासारखी खाच. आपोआप प्रत्येकजण आपापली पोरं मोजायला लागला. मी पिंगीला इतकी घट्ट धरली की ती ओरडली.

आधी छापलेल्या कार्यक्रमात तेराला चार ते साडेचार पायऱ्यांवर चहापान होतं. रात्री पिंगीने विचारलं, "आजी, चहाच्या वेळी आम्ही कुठे बसलो असतो?" मी तिला म्हटलं, झोप.

सगळे तुला माफ करताहेत असं मी लिहिणार नाही. पाववाल्याची बायको, जिची दोन्ही जुळी गाण्यात आहेत, ती दारात येऊन म्हणाली, "बावीस वर्षं आमची पोरं त्या भिंतीखाली बसली. तुमच्या भावाने तार केली म्हणून मी त्याच्या पाया पडायचं की त्याला जोड्याने मारायचं, तुम्हीच सांगा." भोकं मी बुजवली होती हे मी भर मैदानात सांगितलं. काही जण माझ्याशीही बोलत नाहीत. मुख्यपद परत देते म्हटलं, तर वखारवाले म्हणाले, "आता पळता कुठे, भिंत कोण बांधणार?"

आणि मी तुझ्यावर चिडले आहे. फार. तू दर मेळ्यात समोर उभा राहायचास, आणि पिंगी दुधाच्या बाटलीवर होती तेव्हापासून तिला मी त्या पायऱ्यांवर बसवायचे. ते तू बघत होतास. हे माझ्या मनातून लवकर जाणार नाही. तरी रोज रात्री देवापुढे तुझ्या तारेचा कागद ठेवते, तेही खरं.

काल ढिगातून तुझ्या नावाचा दगड निघाला. कोपरासुद्धा उडालेला नाही. त्याचं काय करायचं यावर बैठक झाली. कुणी म्हणालं फोडा, कुणी म्हणालं त्याच्याकडे पाठवा. शेवटी ठरलं की दगड चांगला आहे, वाया का घालवायचा. नव्या भिंतीच्या पायात घालायचा. तळाला, नाव डोंगराच्या बाजूला करून.

खडी गाव स्वतः फोडतं आहे. मुलं, बाया, सगळे. वखारवाले पहिल्या दिवसापासून घण घेऊन बसले आहेत. पण एवढ्या उंच भिंतीमागे ती किती रुंद भरायची, भोकं किती उंचीवर ठेवायची, हे इथे कुणाला ठाऊक नाही. समितीने ठराव केला आहे की तुला बोलवावं. सत्काराला नाही. कामाला. ठरावाच्या वेळी पाववाल्याच्या बायकोनेही हात वर केला, पण तुझ्याकडे बघणार नाही म्हणाली.

घाट मोकळा झाला. येणार का, ते कळव.

चिमी


२१ ऑक्टोबर

चिमे,

शुक्रवारच्या बसने येतो. गुडघा आहे तसाच आहे, बसस्टॉपवर कुणाला पाठवू नकोस, हळूहळू चढेन. लेक सोबत येते म्हणते, मी नको म्हटलं, पण ती पिशवी भरते आहे.

दगडाचं बरोबर ठरवलंत. मीच बसवेन.

ओळंब्याने कापड कापणं बंद कर. दोरीला तेल लावून ठेव. आणि खडी मोजून नाही, धुऊन घ्यायला सांग. एक घमेलंसुद्धा मातीसकट भरायचं नाही.

दादा